पावसाळी ढील

९ सप्टेंबर

सकाळपासून हात काळेच. पाच गाड्या, पाचही चिखलातल्या. काळी माती चाकात अशी घट्ट बसलेली की आधी खुरप्यानं खरवडा, मंग पाना लावा. लोकं गाडी धुवून आणत नाहीत अन् वरून म्हणतात, मिस्त्री लवकर करा.

दुपारी कविताताई आली. पशुसखी. गावोगाव फिरून शेळ्यायले लस टोचते, सीटवर मांगं बर्फाची पेटी बांधलेली. सासऱ्याची जुनी गाडी चालवते, गेरची. ढाणकीच्या आजूबाजूले गेरची गाडी चालवणारी बाई मी तरी ही एकच पाह्यली. लोकं मान वळवून पाहतात, ती पाहत नाही. मागच्या ट्यूबचा वॉल तुटला होता. चाक खोललं, नवी ट्यूब टाकली, चाक बसवलं, चेन चढवली, ढील पाह्यली, एक्सलचा नट कसला. रोजचंच काम, डोळे मिटून होते.

मधातच एकजण फवारणीचा पंप घेऊन आला. म्हणे याचा पट्टा शिवून द्या. अबे, मी मिस्त्री हाय का मोची? त्याच्यासोबत भांडून राह्यलो होतो अन् इकडं हात चालू होते. तवा क.ताई म्हणाली, "दादा, परवापासून मले उमरखेडले ट्रेनिंग हाय. पंधरा दिवस, रोज डांबरीनं जाणं-येणं. गाडी तशी करून द्या."

मी म्हटलं हाव, हाव. गेली.

याडीच्या, म्हणजे माह्या मायच्या, शेळ्यायची लस राह्यली हाय, ते विचारायचं राहूनच गेलं. याडी तांड्यावरून फोन करून माहं डोकं खाणार.

१० सप्टें.

पाऊस. दिवसभर रिपरिप.

शाळेतले गुरुजी गाडी घेऊन आले. म्हणे, "परसराम, तू चेन एवढी ढिली काहून ठेवतो बे? खडखड करते." त्यायले समजावून सांगितलं. जूनपासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडं चेन ढिलीच असते. चिखल चेनमधी अन् चक्रीच्या दात्यायमधी भरला की चेन आपोआप ताणते. कसून ठेवली तं वावराच्या रस्त्यात तटकन तुटते, मंग ढकला गाडी गुडघाभर चिखलातून. पावसाळी ढील म्हणतात तिले. दसऱ्याले पाने-हत्यारं पुजली की दुसऱ्या दिवसापासून कसायची. उस्तादानं हेच शिकवलं, त्यायले त्यायच्या उस्तादानं.

गुरुजी म्हणे, "पण मी तं घरून शाळेत डांबरीनंच जातो. मले कायचा चिखल?"

बरोबर हाय. डांबरीवाल्याले ढील कमीच पाहिजे. त्यायची कसून दिली.

हे लिहिता लिहिता आठवलं. क.ताई बी उद्यापासून डांबरीनंच जाणार. सांगलं होतं तिनं. मी कोणती ढील दिली? हातानं जी पडते तीच दिली असंल.

फोन करावा का? जेवण वाढलं हाय. उद्या सकाळी करतो, निघायच्या आधी.

११ सप्टें.

फोन केला नाही. दुकान उघडायच्या आधीच तीन गाड्या उभ्या. नऊ वाजता ध्यानात आलं, म्हटलं आता निघाली असंल. सायंकाळी करू.

अकराले टपरीवर गेलतो चहाले, तिथं बातमी आली. उ.खेडच्या रस्त्याले तो लांब उतार हाय, तिथं क.ताई पडली. मागचं चाक जाम झालं, गाडी गरकन फिरली अन् घसरत गेली. हनुवटीले टाके, मनगट सुजून भोपळा, गुडघे सोलले. पेटी फुटली, लसीच्या बाटल्या रस्त्यावर. मांगून ट्रक नव्हता म्हणून वाचली, असं सांगणारा सांगत होता.

टपरीवर तं काय, लोकायले विषयच भेटला. "बाईमाणसाच्या हाती गेरची गाडी म्हटल्यावर होणारच." "उतारावर भसकन खालचा गेर टाकला असंल." एकानं मले विचारलं, "काय मिस्त्री, तसंच होते ना?"

मी म्हटलं, "हाव. गेर चुकला असंल."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. चहा अर्धा सोडून आलो. गेर चुकला नाही. बोलत होतो तवाच मले माहीत होतं की गेर चुकला नाही.

१२ सप्टें.

संतोष, क.ताईचा नवरा, गाडी टेम्पोत टाकून घेऊन आला. माह्याच दुकानात. दुसरीकडं कायले नेईन तो?

समोर उभा राहून पाहत होता. चेन मागच्या चक्रीवरून उतरलेली, चक्री अन् चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मधात जाऊन अडकलेली. सळईनं उचकून काढावी लागली. एक्सलचा नट जसाच्या तसा टाईट. चाक मांगं-पुढं करायच्या दोन्ही बाजूच्या खुणा मी ठेवल्या तिथंच. म्हणजे ढील माहीच, दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

चेन परत चढवली अन् मधोमध बोटं लावून पाह्यली. तीन बोटं ढील, डांबरीले दीडच पाहिजे. चाक अर्धं फिरवून परत पाह्यली. चार बोटं! जुनी चेन सगळीकडं सारखी नसते, कुठं आखडलेली, कुठं झिजून लांबलेली. म्हणून चाक फिरवून फिरवून चार ठिकाणी पाहायची असते. हे मी दुसऱ्यायले शिकवतो. अन् त्या दिवशी एकाच ठिकाणी पाह्यली, ते बी पंपवाल्यासोबत भांडता भांडता. वर पावसाळी ढील. उतारावर एखाद्या खड्ड्यात चाक उडालं असंल, की उतरली चेन.

संतोष म्हणे, "काय निघालं मिस्त्री?"

"चेन जुनी हाय."

खोटं नाही. खरं बी नाही.

"चेनचं जाऊ द्या," तो म्हणे, "बापू म्हणतात तुमीच टपरीवर सांगलं की गेर चुकला म्हणून. आता बापू कोणाचं ऐकत नाहीत. म्हणतात गाडी विकून टाकतो, सूनबाई घरी बसंल."

बापू म्हणजे बापूराव, क.ताईचे सासरे. मी पाना शोधाले खाली वाकलो. पाना हातातच होता.

१३ सप्टें.

क.ताईची गाडी दुकानाच्या कोपऱ्यात. बापूरावानं सांगून पाठवलं, गिऱ्हाईक भेटेपर्यंत तिथंच राहू द्या. वर पोतं टाकलं. पोतं टाकलं तं जास्तच दिसते.

१४ सप्टें.

क.ताईचा फोन. टाक्यायमुळं तोंड नीट उघडत नाही तिचं, बारीक बोलत होती.

"दादा, एक विचारू? माहं काय चुकलं? मी तिसऱ्यावर होती. ब्रेक बी हळूच लावला. घरी सगळे म्हणून राह्यले गेर चुकला. मले तं वाटते मी गेरले पायच लावला नाही. पण तुमी बी तसंच म्हटलं म्हणतात. तुमाले तं कळते. मंग माहंच चुकलं असंल का?"

मी काय म्हटलं? "आराम करा ताई."

आराम करा! नालायका, एवढंच सुचलं तुले. वीस वर्षं झाली पाना धरून. लोकं म्हणतात परसरामच्या हातची गाडी डोळे मिटून न्या. तिनं तशीच नेली.

१५ सप्टें.

गुरुजी गाडी घेऊन परत आले, चिडलेले. १० तारखेले दिलेल्या कसणीवर माहंच समाधान नव्हतं म्हणून १२ ले मीच त्यायले रस्त्यात थांबवून परत कसून दिली होती. आता मागच्या चाकातून घूंऽऽ आवाज. पाह्यलं तं चेन वाजवली की वाजंल एवढी ताणलेली. रिकाम्या गाडीवर कसली अन् गुरुजी त्यायच्या मंडळीले घेऊन बसले. वजन पडलं की चेन आणखी ताणते, हे काल आलेलं पोट्टं बी सांगंल. बेअरिंग गेली.

"तुले झालं काय परसराम?" गुरुजी म्हणे. "आधी ढिली, आता फाशी."

भेव, गुरुजी, भेव झालं. असं म्हटलं नाही. बेअरिंग बदलून दिली.

१६ सप्टें.

लताले सगळं सांगून टाकलं. बायकोले नाही सांगणार तं कोणाले? भाकर थापता थापता ऐकत होती. मंग म्हणे, "चुप राहा. त्या घरात जाऊन सांगसान अन् उद्या दुकानापुढं कुत्रं बी थांबणार नाही. समोर दुसरं ग्यारेज उघडलंच हाय. दोन लेकरं हायेत आपल्याले."

मी म्हटलं, "तिची गाडी विकून राह्यले ना पण."

"ते त्यायच्या घरचं."

"त्यायच्या घरचं कसं? मीच बोललो ना गेर चुकला म्हणून."

"कायले बोललात?"

माहं मले माहीत नाही कायले बोललो. चार लोकं एका सुरात बोलून राह्यले, आपण बी सूर लावला. अन् मनात होतं ना की चेनचं नाव निघू नये. चोराच्या मनात चांदणं.

ताटावर बसलो अन् तसाच उठलो. लताच म्हणे, "हे असं किती दिवस चालणार?" आवाज मऊ होता. म्हणजे तिले बी पटत नाही.

१७ सप्टें.

दिवसभर फोन. या मोसमात कोणाकोणाले पावसाळी ढील दिली, त्यातले डांबरीवाले किती, आठवून आठवून. सात-आठ निघाले. त्यायले म्हटलं गाडी घेऊन या, चेन पाहून देतो. एक म्हणे, "काय मिस्त्री, यंदा दसरा लवकर आला का?" हसला. मी बी हसलो. दुसऱ्यानं फोनच कापला. एक आला, त्याची चक्री फिरवून पाह्यली, त्याची बी एका जागी चार बोटं. शाळेत जाणारी दोन लेकरं बसवतो तो गाडीवर.

पोतं टाकलेल्या गाडीकडं पाहत नाही मी आता.

१८ सप्टें.

तांड्यावर गेलतो. याडीच्या तीन शेळ्या नाकातून शेंबूड गाळून राह्यल्या. "ती सुईवाली छोरी काहून आली नाही?" म्हणे. सांगितलं पडली म्हणून. मंग काय झालं कोण जाणे, सगळंच सांगून बसलो. याडीपुढं बोललं की थांबताच येत नाही.

याडी आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत बोलली, इथं मराठीत लिहितो. म्हणे, तुह्या आज्याच्या बापाच्या वेळी बैलावर गोणी लादून आपली माणसं मुलूख तुडवत फिरायची. रस्त्यात गोण घसरून पडली तं बैलाले कोणी शिव्या देत नव्हतं. हाकणाऱ्याले बी नाही. गाठ कोणी बांधली, हेच विचारायचे. अन् बांधणारा आपणहून पुढं यायचा, कोणी नाव घ्यायच्या आधी. नाव घेतल्यावर आला तं ती बदनामी.

मी म्हटलं, "याडी, आता तो जमाना राह्यला नाही."

"हाव," म्हणे. "आता तू हाय."

असं बोलते म्हातारी. परत येताना दोनदा गाडी थांबवून उभा राह्यलो. रडलो नाही. डोळ्यात माती गेलती असंही लिहीत नाही, रडायची वेळ आलती.

२० सप्टें.

संतोष आला. गाडीले गिऱ्हाईक भेटलं. घटस्थापनेले, म्हणजे परवा, येऊन घेऊन जाणार.

तो बी खूष नाही. म्हणे, हे ट्रेनिंग बुडालं, दुसरी बॅच दसरा झाला की सहा तारखेले. ते केलं नाही तं पशुसखीचं काम दुसऱ्या बाईले जाईन. अन् त्यायच्या गावाहून उ.खेडले पहिली बस पोचेपर्यंत अर्धा दिवस निघून जाते. गाडी गेली म्हणजे काम गेलं. "पाच वर्षं बापूच्या मांगं लागून लागून गाडी शिकली होती ती. बापूले म्हटलं एकडाव विचार करा. ते म्हणतात, खुद्द मिस्त्री म्हणते गेर चुकला, तं तू काय मिस्त्रीपेक्षा शहाणा हाय का?"

प्रत्येक जण माहंच वाक्य माह्या तोंडावर आणून मारते.

२१ सप्टें.

गेलतो. त्यायच्या दारात गेलतो.

बापूराव ओसरीवर बसलेले. "ये परसराम," म्हणे. चहा आला. चहा संतोषच्या आईनं आणला, क.ताई दिसली नाही. बापूराव सोयाबीनवर बोलले, पाण्यानं शेंगा काळ्या पडून राह्यल्या त्यावर बोलले. मी हाव हाव करत गेलो. तोंड उघडायचो अन् बंद करायचो. शेवटी बापूरावच म्हणे, "उद्या गिऱ्हाईक येईन, गाडी पुसून ठेव."

"हाव," म्हटलं अन् उठलो.

अर्ध्या रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारली. खरोखर मारली. बैलजोडीवाला एकजण पाहून राह्यला होता.

२२ सप्टें. घटस्थापना

सकाळी आंघोळ करून, घटाले हात जोडून सरळ गेलो. लता म्हणे, "काय सांगायचं ते उभ्यानंच सांगजा. बसले की तुमचं होत नाही." खरं हाय ते.

उभ्यानंच सांगितलं. बापूराव, संतोष, संतोषची आई, तिघंही होते. म्हटलं, "काका, गेर चुकला नाही. चेन मी ढिली ठेवली होती. ताईनं मले सांगलं होतं डांबरीनं जाणार हाय म्हणून, मी ध्यान दिलं नाही. चाक बसवून एकाच ठिकाणी ढील पाह्यली. चेन उतरली अन् चाक जाम झालं. ताईच्या जागी कोणी बी असतं तं पडलंच असतं. मी पडलो असतो."

बापूरावानं काठी बाजूले टेकवली.

बापूराव म्हणे, "मंग टपरीवर काय बोलला होता?"

"खोटं बोललो."

"काहून?"

"भेलो काका."

तेवढ्यात क.ताई आतून आली. मनगटाले पट्टी, हनुवटीवर टाक्यायची खूण लाल. मले वाटलं होतं तिले हलकं वाटंल. मूर्ख मी. तिचा चेहरा असा तापला की मले मांगं सरकावं वाटलं.

"मी तुमाले फोन करून विचारलं होतं ना, दादा? विचारलं होतं का नाही?"

"हाव ताई."

"मंग?"

मी खाली पाह्यलं. ती आत गेली अन् दार लोटलं. बापूरावानं मले बस म्हटलं नाही. गिऱ्हाईकाचं काय करतात तेही बोलले नाहीत. मी उभा होतो तसाच परत आलो.

संध्याकाळपर्यंत गाडी न्याले कोणी आलं नाही.

२४ सप्टें.

गावभर झालं. समोरच्या ग्यारेजपुढं आज गर्दी. माह्याकडं दोनच गाड्या, त्यातला एक नुसता हवा भराले आला अन् दहा मिनिटं माह्या तोंडाकडं पाहत बसला. पाह्य बाप्पा, फुकट हाय.

चारच्या सुमाराले बापूराव स्वतः आले. धोतर, काठी, एसटीनं. खुर्ची दिली, बसले नाहीत. पोतं काठीनं बाजूले केलं अन् गाडी पाह्यली.

"गिऱ्हाईकाले थांब म्हटलं हाय," म्हणे. "आता ऐक. तू म्हणतो सुनेची चूक नाही, चेनची हाय. चेन तू नीट कर. मंग त्याच उतारावरून गाडी तू चालवायची. मांगं मी बसतो."

मी म्हटलं, "काका, तुमी कायले? मी लताले बसवतो."

"तुही बायको तुह्यावर भरवसा ठेवते. मी ठेवत नाही. म्हणून मीच बसतो."

रविवारी सकाळी नऊ. असं ठरवून गेले. लता म्हणे, "म्हातारा खमक्या हाय." मले हसू आलं नाही. त्यायचं वय अडुसष्ट. पडले तं हाड जुळणार नाही.

२७ सप्टें.

अख्खा दिवस एका गाडीले दिला. दुसरं काम घेतलं नाही, अन् आलं बी नाही.

जुनी चेन काढून टाकली. चेन अन् दोन्ही चक्र्या नव्या टाकल्या, माह्याकडून. चाक खोललं, हब धुतला, ब्रेक साफ केले. चाक बसवलं. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या हायेत का ते तीनदा पाह्यलं, एकीकडं जास्त अन् एकीकडं कमी झालं तं चाक तिरपं चालते. गाडी डबल स्टँडवर, चाक हळूहळू फिरवत ढील पाहत गेलो. नवी चेन, तरी बी जिथं सगळ्यात जास्त ताणते ती जागा शोधून खडूची खूण केली. तिथं दीड बोट. नट कसला. नट कसला की ढील थोडी बदलते, म्हणून परत पाह्यली. मंग लताले सीटवर बसवलं. "एकीकडं पाय टाकून बसू का दोन्हीकडं?" म्हणे. म्हटलं बापूराव जसे बसतील तशी बस. धोतरवाले दोन्हीकडं पाय टाकून बसतात. बसली बिचारी, साडी सावरत, अन् मी आडवा पडून चेनले बोट लावून पाहत होतो. येणारेजाणारे हसत होते. हसा.

वजनावर एक बोट ढील राह्यली. कमी बी नाही, जास्त बी नाही. नट ढिला होऊ नये म्हणून लागते ती कटपीन नवी टाकली. चेन कव्हर लावलं, पावसाळ्यात आमच्याकडं कोणाच्याच गाडीले नसते, हिले लावलं.

सगळं झाल्यावर परत पाह्यली. मंग जेवून येऊन परत.

क.ताई आली होती दुपारी, संतोषसोबत. दुकानाच्या बाहेरच उभी राह्यली. मी म्हटलं, "ताई, बोट लावून पाहा." आली. चाक फिरवलं तिनं, चार ठिकाणी थांबवून बोट लावलं. कोणी सांगलं नव्हतं तिले चार ठिकाणी पाहायचं. मंग हात पुसून बाहेर गेली.

२८ सप्टें. रविवार

सकाळी आभाळ होतं, पाऊस नाही. उताराच्या वर सगळे जमा झालो. मी, बापूराव, अन् आटोमधून संतोष अन् क.ताई. आटो ते खाली घेऊन जाऊन थांबले.

बापूराव बसले. माह्या खांद्यावर हात ठेवला, काठी दुसऱ्या हातात. म्हणे, "देवाचं नाव घेऊ का तुहं?" मी किक मारली. गाडी सोडली. तिसरा गेर, तिनं सांगितलं होतं तोच. वीस वर्षांत हजार वेळा उतरलो असंल तो उतार, आज संपतच नव्हता. खड्डा आला, मागचं चाक उडालं, बापूरावाची पकड अशी आवळली की खांदा अजून दुखून राह्यला. चेनचा आवाज ऐकत होतो, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सर्र सर्र, एकसारखा. उतार संपला. ब्रेक लावला. थांबली.

बापूराव उतरले. धोतर नीट केलं. वाकून चेन पाह्यली. मंग क.ताईले म्हणे, "सूनबाई, माहं चुकलं. घे गाडी. इथून घरापर्यंत तू चालव, मी आटोत येतो."

अडुसष्ट वर्षांचा माणूस चार लोकायपुढं असं बोलला. माह्या छातीवरचा दगडच उतरला. म्हटलं सुटलो.

क.ताई बसली. किक मारली, एका किकमधी सुरू. क्लच धरला, पट्टी निघाली हाय आता मनगटाची. गेरवर पाय ठेवला. अन् तशीच. गाडी धडधड करून राह्यली, ती वर उताराकडं पाहून राह्यली. पाय गेरवरून उचलायची अन् परत ठेवायची. मंग तिनं चावी फिरवून गाडी बंद केली.

"नाही होत," म्हणाली.

संतोष म्हणे, "अगं, चेन नवी हाय आता."

"माहीत हाय."

बापूराव माह्याकडं वळले. "परसराम, चेन बरोबर हाय ना?"

"हाव काका."

"मंग?"

क.ताई गाडीवरून उतरली, माह्यासमोर येऊन उभी राह्यली. बावीस तारखेनंतर पहिल्यांदा बोलली माह्याशी. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"दादा, मी फोन केला त्या दिवशी खरं सांगलं असतं ना, तं दुसऱ्या दिवशी बसली असती मी गाडीवर. हात मोडला असता तरी बसली असती. आठ दिवस मी रोज डोळे मिटून तो उतार उतरली. रोज गेरवर पाय ठेवला. आता मलेच खरं वाटत नाही की त्या दिवशी ठेवला नव्हता."

आटोत जाऊन बसली. गाडी संतोषनं चालवत नेली.

बॅच सहा तारखेले सुरू होते. बापूरावानं गिऱ्हाईकाले नाही म्हणून सांगितलं हाय. गाडी त्यायच्या अंगणात उभी हाय, हे आत्ता संतोषनं फोन करून सांगितलं. मी विचारलं, ताई काय करून राह्यली. म्हणे, गाडीजवळ बसली हाय.